नग मोजून घ्या

प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाला मध्यरात्री झोपेतून उठवून विचारा. गाडी कोणते स्टेशन सोडून पुढे आली हे त्याला सांगता येणार नाही, पण आपले सामान किती नग आहे हे तो डोळे न उघडता सांगेल. आमच्या घरी हे काम वडिलांकडे असे. निघताना उंबऱ्याशी एकदा, रिक्षातून उतरल्यावर एकदा, हमालाने फलाटावर बोजा उतरवल्यावर एकदा आणि डब्यात बाकाखाली सामान ढकलल्यावर एकदा, असे ते चार वेळा नग मोजत. एक ट्रंक, एक होल्डॉल, दोन पिशव्या, एक वेताची टोपली, फिरकीचा तांब्या आणि मी. एकूण सात. दादा थोडा मोठा झाला होता, त्यामुळे तो नगांतून निघून हमालांत जमा झाला होता. मी सगळ्यांत शेवटी येई, पण त्याचे मला वाईट वाटत नसे. फिरकीच्या तांब्याच्या खालोखाल का होईना, मोजत तर होते!

ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने वडिलांचे नाव आणि गाव घातलेले असे. रात्री ती साखळीने बाकाच्या पायाला बांधायची आणि किल्ली आईच्या कमरेला. सामान दृष्टीआड झाले म्हणजे ते गेलेच, हा आमच्या घराण्याचा सिद्धांत. वडील गेले आणि नग मोजण्याचे काम आईने आपणहून अंगावर घेतले. तिची पद्धत वेगळी. वडील बोट दाखवून मोजत, ती प्रत्येक नगाला हात लावून मोजते.

हे सगळे सांगायचे कारण असे की २०२४ च्या दिवाळीत, भाऊबीज उरकून, मी आईला घेऊन अडीच आठवडे जपानला गेले. दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, तोक्योत नोकरी करते. निशि-कासाई नावाच्या भागात तिचे बिऱ्हाड आहे. तिथे भारतीय कुटुंबांची इतकी वस्ती आहे की वाण्याच्या दुकानात हिंगाची डबी मिळते. "आत्या, आजीला घेऊन ये, पुढच्या वर्षी तिचे गुडघे विचारणार नाहीत," असे तिने दोन वर्षे चालवले होते. आई शहात्तर वर्षांची. चालते, पण जिना म्हटला की कठड्याला धरून एक एक पायरी. तिला एका हाताने धरायचे तर माझा एकच हात सामानाला उरतो, आणि आमचे नग चार. दोन मोठ्या चाकाच्या पेट्या, एक हातातली पिशवी आणि आईचा बटवा.

भाचीने फोनवर सांगितले, "सामानाची काळजी नको. एका गावाहून दुसऱ्या गावी तुम्ही फक्त जायचे. सामान आपले आपण येईल."

"आपले आपण?" आई म्हणाली. "पाय फुटलेत का त्याला?"

त्या पायांना जपानीत ताक्क्युबिन म्हणतात. आईने त्याचा पहिला भाग तेवढा ऐकला आणि शेवटपर्यंत ती त्या माणसांना 'ताकवाले' म्हणत राहिली.

व्यवस्था ऐकायला फारच साधी आहे. विमानतळावर, हॉटेलच्या टेबलाशी, किंवा गल्लीतल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या किराणा-दुकानात जायचे, पेटी ठेवायची, एक चिठ्ठी भरायची, पैसे द्यायचे आणि रिकाम्या हाताने चालू लागायचे. पेटी बहुधा दुसऱ्या दिवशी, तुम्ही सांगितलेल्या दोन तासांत, तुम्ही सांगितलेल्या दाराशी हजर होते. दर ठरतो तो पेटीची लांबी, रुंदी आणि उंची यांच्या बेरजेवर आणि वजनावर. बेरीज १६० सेंटिमीटरपर्यंत असेल तर वजन पंचवीस किलोपर्यंत चालते. तोक्योहून क्योतोला एका मोठ्या पेटीचे मी अडीच हजार येनच्या आसपास दिले. हमालाशी घासाघीस केल्याचे समाधान नाही, एवढाच काय तो तोटा.

पेटी बरोबर घेऊनही गाडीत चढता येते, नाही असे नाही. पण क्योतोला शिंकान्सेन जेमतेम मिनिट-दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात आई, तिचे गुडघे आणि दोन पेट्या उतरवणे हे माझ्याच्याने होण्यासारखे नव्हते. शिवाय २०२० च्या मे महिन्यापासून, १६० सेंटिमीटरच्या वरची पेटी असेल तर त्या मार्गावर तिच्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते. म्हणजे आमच्यासारख्यांना ताकवाल्याशिवाय गती नाही.

विमानतळावरच पहिली परीक्षा झाली. खिडकीशी उभ्या असलेल्या मुलाच्या टोपीवर काळ्या मांजरीचे चित्र होते. मांजरीने आपले पिल्लू तोंडात धरले आहे. आपल्याकडे काळे मांजर आडवे गेले की निघालेला माणूस परत फिरतो. तिथे काळ्या मांजरीच्या हवाली सामान करून माणूस निघतो. हे यामातो या कंपनीचे चिन्ह, १९५७ पासूनचे. आईने ते बराच वेळ न्याहाळले. "पिलाला दात लागू देत नाही मांजर," ती म्हणाली. मला वाटले, आता काम सोपे होईल. पण तिने पेटीवरचा हात काढला नाही. त्या मुलाने काय ओळखले कोण जाणे, त्याने एका पेटीला हात लावला आणि म्हणाला, "इक्को." दुसरीला हात लावून, "निको." आईनेही हात लावून म्हटले, "एक. दोन." मग दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. माझ्या आयुष्यात मी जी भाषांतरे केली किंवा तपासली, त्यांत इतके बिनचूक दुसरे आठवत नाही.

एक गोष्ट मात्र तिने आधीच काढून घेतली होती. तिचा रांगणारा पितळी बाळकृष्ण. तो देवघरातून निघाला तेव्हा पेटीत, रेशमी चिंधीत गुंडाळलेला होता. चिठ्ठीच्या मागे लिहिलेले भाचीने वाचून दाखवले, की रोख पैसे, पासपोर्ट, मौल्यवान वस्तू यांत ठेवू नयेत. देवाचा उल्लेख त्या यादीत नव्हता, पण आईने धोका पत्करला नाही. बाळकृष्ण बटव्यात आला आणि उरलेला प्रवास त्याने तिच्या कुशीतूनच केला. सामान पुढे धाडणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. देव असो नसो. औषधे, पासपोर्ट, पैसे आणि एका रात्रीचे कपडे आपल्या हाताशी हवेत. पेटी रात्रभर एकटी असते, तसे आपणही तिच्यावाचून एकटे असतो.

या मांजरीची गोष्ट मला भाचीने सांगितली, आणि मला ती कुठल्याही यशोगाथेपेक्षा आवडली. कंपनी जुनी, १९१९ सालची, चार मालमोटारींवर सुरू झालेली. पण १९७६ पूर्वी जपानातल्या साध्या घरातल्या बाईला गावाकडे लेकीला काही पाठवायचे तर दोनच वाटा होत्या. एक टपाल कचेरी, आणि तिथे सहा किलोची मर्यादा. दुसरी सरकारी रेल्वे. दोन्हीकडे गाठोडे दोरीने आवळून बांधायचे, नावाची चिठ्ठी अडकवायची आणि आपणच उचलून न्यायचे. रेल्वेचा प्रवासी तिकीट दाखवून जे सामान स्वतंत्र धाडी त्याला काय म्हणत, ठाऊक आहे? चिक्की! इंग्रजी 'चेक' शब्दाचे ते जपानी रूप. लोणावळ्याहून आलेल्या माणसाला हे ऐकून हसू आवरत नाही. रेल्वेची ही चिक्की १९८६ मध्ये बंद झाली.

त्या वेळचे यामातोचे प्रमुख ओगुरा मासाओ यांच्या मनात आले, की कारखान्यांच्या मालामागे सगळेच धावतात, मग घराघरांतली गाठोडी आपण का नेऊ नयेत? बरोबरच्यांनी विरोध केला. इथे एक पिशवी, तिथे एक खोके, कुठून कधी निघेल याचा नेम नाही. यात तेल सुद्धा सुटायचे नाही, असा त्यांचा हिशेब. ओगुरांचा हिशेब असा की गाठोडी पुरेशी दाट झाली की प्रत्येक गल्लीत थांबणे परवडते. २० जानेवारी १९७६ ला काम सुरू झाले. पहिल्या दिवशी अकरा नग जमले.

अकरा! आमच्या कुटुंबाच्या लग्नकार्याच्या प्रवासात याहून जास्त निघतील. पुढे १९८३ मध्ये बर्फावर घसरण्याच्या फळ्या, १९८४ मध्ये गोल्फच्या काठ्या, १९८८ पासून थंड ठेवायचे मासे आणि फळे, असे करत जपानी माणसाने आपल्या हातातले एकेक ओझे या मांजरीच्या तोंडात दिले.

आपल्याकडे जपानहून परतलेला माणूस सांगतो, "तिथली माणसेच प्रामाणिक हो! रस्त्यावर पाकीट टाका, तसेच मिळेल." मला हे बोलणे अपुरे वाटते. माणसे सज्जन असतील, आहेतही. पण सामान पोचते ते सज्जनपणाने नव्हे. पोचते ते त्या चिठ्ठीने. तिच्यावर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, दोघांचे फोन, पोचण्याची तारीख, वेळेची खूण आणि बारा आकडी क्रमांक. हॉटेलवर पाठवायचे तर ज्या नावाने खोली घेतली ते नाव आणि मुक्कामाचा पहिला दिवस. हे दोन नसले की हॉटेलच्या टेबलामागचा माणूस गोंधळतो. आपल्या नावाची तर गंमतच आहे. पासपोर्टवर एक क्रम, शाळेच्या दाखल्यावर दुसरा, आणि वहिनी पाकिटावर लिहिते तो 'श्रीमती' लावून तिसरा. परदेशी पार्सल मागवणाऱ्याने एकच नाव ठरवावे आणि मायेने त्यात भर घालणाऱ्यांना आवरावे.

हे मी तळमळीने लिहिते आहे, कारण सामान पुढे धाडणे सोपे निघाले, पण सामान मागवणे आमच्या जिवावर आले.

तोक्योतल्या तिसऱ्याच दिवशी आईचा चष्मा फुटला. सोफ्यावर ठेवला होता, त्यावर कोणी बसले. कोण, यावर एकमत झाले नाही. आईचा नंबर मोठा, भिंगे दुहेरी आणि जाड. भाची तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार अदबीने म्हणाला, तपासून अशी भिंगे घडवायला आठवडा-दहा दिवस लागतील. तोवर आम्ही क्योतो करून हिरोशिमाला असणार. दादाला फोन केला. आईचा जुना चष्मा पुण्यात तिच्या कपाटात होता. दुसऱ्या दिवशी दादाने तो परदेशी स्पीड पोस्टाने धाडला. भाची दिवसभर कचेरीत. दाराला 'येऊन गेलो' अशी चिठ्ठी लागली की पुन्हा बोलावणे आले. म्हणून पत्ता दिला क्योतोतल्या आमच्या लहानशा हॉटेलचा, कारण तिथे टेबलाशी कायम माणूस असतो. हॉटेलला आधी विचारले, त्यांनी ठेवून घेऊ म्हणून कळवले.

आता तो तेरा अक्षरांचा क्रमांक आमच्या घरातला मंत्र झाला. सुरुवातीला इंग्रजी 'ई' आणि आणखी एक अक्षर, मधे नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. जगभर पार्सलांचे क्रमांक याच धाटणीचे असतात. टपालाच्या बाबतीत सगळे देश एकच मुलूख, ही कल्पना १८७४ सालची, बर्नच्या करारातली. भारत त्यात १८७६ मध्ये आला, जपान १८७७ मध्ये. हे वाचायला फार उदात्त आहे. पण आमचा चष्मा त्या एकाच मुलखात एका ठिकाणी तीन दिवस नुसता बसून राहिला. दादा दर दोन तासांनी फोन करी, "हलला का?"

"नाही रे."

"इथून तर कधीच निघाला!"

आई मात्र या तीन दिवसांत गप्प होत गेली. चष्म्यावाचून तिला पायरी दिसत नव्हती आणि माणसाचा चेहरा ओठ हलल्यावाचून ओळखू येत नव्हता. क्योतोत मी तिला एका देवळात नेले. बागेतली लाल पाने बघून मी भारावून काहीबाही बोलत होते, ती म्हणाली, "तू सांग, मी ऐकते." दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडली नाही. हॉटेलच्या खोलीत खिडकीशी बसून राहिली, बाळकृष्णाला बोटांनी चाचपत. दोन वर्षे ठरवलेला प्रवास, आयुष्यातला बहुधा हा एकच. आणि तो तिला माझ्या तोंडून ऐकावा लागत होता. मीही एकटी बाहेर पडले नाही. आम्ही दोघी त्या दिवशी चकल्या खात बसलो.

सोळा तारखेला आम्ही क्योतो सोडले. सतराला दुपारी हॉटेलचा भाचीला फोन आला: पार्सल आले. नाव जुळले होते, आणि त्याखाली वहिनीने मायेने आणखी एक नावही लिहिले होते, त्यामुळे पाच मिनिटे विचार पडला होता म्हणे. आता काय? हॉटेलच्या बाईंनी विचारले, पुढे कुठे आहात? हिरोशिमा, एकोणिसाच्या सकाळपर्यंत. त्यांनी त्याच संध्याकाळी चष्मा मांजरीच्या हवाली केला. पैसे घेणाऱ्याने द्यायचे, अशी सोय तिथे आहे. त्यामुळे त्यांच्याकडे उधारीही राहिली नाही. वेळ मागितली, उद्या दुपारी दोन ते चार.

अठराला आई दीडपासून खाली दिवाणखान्यात येऊन बसली. बरोबर तीन वाजून दहा मिनिटांनी हिरव्या गणवेशातला एक तरुण धावत आला. खरोखर धावत. ही माणसे गाडीपासून दारापर्यंत धावतातच, हे मी तोक्योतही पाहिले होते. हजार येनच्या आत भाडे झाले. आईने आधी खोके चाचपले, मग त्या मुलाकडे तोंड करून मला म्हणाली, "अगं, धापा टाकतोय. पाणी दे त्याला." तो पाण्याला नाही म्हणाला. बेसनाचा लाडू मात्र दोन्ही हातांनी घेतला.

त्याच्या त्या धापांचा हिशेब मला चुकवता येत नाही. आपण रिकाम्या हाताने फिरतो ते कोणाचे तरी हात भरलेले असतात म्हणून. जपानलाही हे कळू लागले आहे. २०१७ मध्ये याच कंपनीने दुपारी बारा ते दोनची वेळ बंद केली, कारण पोचवणाऱ्यांना जेवायला सवड मिळत नव्हती. २०२४ च्या एप्रिलपासून मालमोटारी चालवणाऱ्यांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची कायदेशीर मर्यादा आली. ही मर्यादा! तिच्या आधी काय असेल, याचा विचार करवत नाही. तेव्हा वेळ मागून घेतली की त्या वेळी घरी असावे, माणसाला दुसरा फेरा घालायला लावू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

खोक्यात चष्मा होता, जुन्या मफलरीत गुंडाळलेला. मफलर वडिलांची. आणि मोकळ्या जागेत वहिनीने चकल्या भरल्या होत्या. त्यांचा चुरा झाला होता. सीमाशुल्काच्या कागदावर दादाने प्रामाणिकपणे दोन्ही लिहिले होते. चुरा आम्ही दह्यात घालून संपवला. ताजी फळे, पाने असले काही नव्हते म्हणून बरे. तसे असते तर कीड-तपासणीवाल्यांनी खोके अडवले असते.

आईने चष्मा चढवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "किती ग काळी वर्तुळे आली आहेत तुझ्या डोळ्यांखाली!"

एकोणिसाला सकाळी आम्ही पेट्या हिरोशिमाहूनच तोक्योला रवाना केल्या आणि होडीने मियाजिमा बेटावर गेलो. समुद्रात उभे असलेले ते लाल तोरण २०१९ पासून दुरुस्तीसाठी झाकलेले होते. २०२२ च्या अखेरीस ते पुन्हा उघडे झाले. भरतीची वेळ होती. आई काठावर एक तास उभी राहिली. गुडघ्यांबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

तोक्योत परतल्यावर तिने डब्यातले उरलेले लाडू मोजले. अठरा. भाचीला खोके आणायला सांगितले, लाडू एकेक करून कागदात गुंडाळले आणि म्हणाली, "क्योतोच्या त्या बाईंना पाठवायचे." आम्ही तिघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. पत्ता भाचीने जपानीत लिहिला. पाठवणाराच्या चौकटीत आईने स्वतः, मराठीत, आपले पूर्ण नाव घातले. दुकानातल्या मुलाने ते उलटेसुलटे पाहिले, भाचीने खाली जपानीत लिहून दिले आणि त्याने शिक्का मारला. पेटीवर हात ठेवून आई त्याला म्हणाली, "इक्को." हात मात्र तिने लगेच काढला, आणि बारा आकडी पावती घडी घालून बटव्यात, बाळकृष्णाच्या चिंधीत ठेवून दिली.